तळव्यांआडचा काळोख

१

औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला जो कागद कोणी उघडतसुद्धा नाही, तो सिग्रुन डालगोर रोज अक्षरन् अक्षर वाचत असे. तेच तिचं काम होतं. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, गरोदर बाईला चालते की नाही, लहान मुलाला किती द्यायची. बावीस वर्षं ती हे कागद तपासत आली होती. आधी कागदावर, लाल पेन्सिल घेऊन. गेली सहा वर्षं मात्र रीबे गावातल्या आपल्या घरी, मागच्या खोलीत, लॅपटॉपसमोर. सकाळी आठला बसायची, चारला उठायची.

त्या हिवाळ्यात डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. दुपारपर्यंत पापण्यांच्या आत वाळू गेल्यासारखं व्हायचं. तीन वाजले की प्रत्येक अक्षराच्या बाजूला त्याचीच एक फिकट सावली उभी राहायची. सत्तेचाळीसावं वर्ष लागलं होतं; चष्म्याचा नंबर बदलून झाला, फारसा फरक पडला नाही.

मग जे जे लोक सांगतात ते तिने सगळं केलं. नवरा एस्किल शाळेत सुतारकाम शिकवायचा. त्याने लॅपटॉपखाली ठेवायला बर्चच्या लाकडाची घडवंची करून दिली, म्हणजे पडद्याची वरची कड नजरेच्या जरा खाली येईल. टेबल फिरवून खिडकी डाव्या हाताला घेतली, पडद्यावर चकाकी नको म्हणून. उजेड कमी केला, अक्षरं मोठी केली. दर वीस मिनिटांनी ती बागेपलीकडे, छपरांवरून दिसणाऱ्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याकडे वीस आकडे मोजेपर्यंत बघायची. एस्किलने पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवली होती: ‘पापण्या लवव. मासा नाहीस तू.’

शेवटचा उपाय बेनेडिक्तेने सांगितला. सिग्रुनने तपासलेलं प्रत्येक पान कोपनहेगनमध्ये दुसऱ्यांदा तपासायची ती बेनेडिक्ते. दोघींची भेट वर्षातून एकदा, पण फोन रोज.

“तळवे एकमेकांवर घास. चांगले गरम होऊ देत. मग डोळ्यांवर ठेव, पण दाबायचं नाही. बोटं कपाळावर आणि खळग्यात डोळे. साठपर्यंत मोज आणि काढ.”

“आणि नेमका तेव्हाच वरिष्ठांचा फोन आला, समोर चेहरा दाखवून बोलायचा, तर?”

“तर म्हणावं, रडतेय. लगेच फोन ठेवतील.”

सिग्रुन हसली. त्याच दुपारी तिने करून पाहिलं, आणि खरंच बरं वाटलं.

२

मार्च गेला, एप्रिल गेला. दर तासाला एकदा तळवे, साठ आकडे, पुन्हा काम. सवयच होऊन गेली.

सिग्रुनची बोटं बारीक, सांध्यांशी जाड. ती कितीही जवळ धरली तरी फटी राहायच्या. त्यामुळे तळव्यांआडचा काळोख कधीच पुरता काळोख नसायचा. नाकाच्या दोन्ही बाजूंनी उजेडाची एकेक तांबडी रेघ आत यायची. ती रेघ बघत बघतच ती मोजायची.

मे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी, पंचवीस-तीसपर्यंत मोजून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की रेघ नाही.

बाहेर ऊन होतं. खिडकी डाव्या हाताला सताड उघडी होती, तिचा पडदा बाजूला सारलेला होता. तळव्यांखाली तिने डोळे उघडले. काही नाही. शाई ओतावी तसा एकसारखा, दाट, उबदार काळोख. तिला उलट बरंच वाटलं. ‘जमलं एकदाचं,’ ती मनात म्हणाली. साठ झाले, हात काढले. समोर पडदा, त्यावर खोकल्याच्या औषधाचं पान. डोळे इतके ताजे वाटत होते की त्या दिवशी चारपर्यंतचं काम तिने तीनलाच संपवलं.

दुसऱ्या दिवशीही रेघ नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम करंगळ्या उचलल्या. मग अनामिका. नुसती दोन-दोन बोटं डोळ्यांवर राहिली, तरी काळोख तसाच. कुठून तिरीप म्हणून नाही. घाईने हात काढले तेव्हा उजेड आला; पण तिला वाटलं, जरासा उशिराने आला. दार ठोठावल्यावर आतल्या माणसाने हातातलं काम ठेवून मग उघडायला यावं, तेवढ्या उशिराने.

“बेनेडिक्ते, तू तळवे ठेवतेस तेव्हा तुला उजेड दिसतो का गं?”

“दिसतो की. तांबडा. कोंबडीच्या अंड्यात बसल्यासारखं वाटतं. का?”

“काही नाही. मला दिसत नाही.”

“मग तुझे हात माझ्यापेक्षा चांगले,” बेनेडिक्ते म्हणाली आणि एकविसाव्या पानावरच्या चुकीकडे वळली.

३

त्या शुक्रवारी दुपारी एस्किल शाळेतून आला तेव्हा सिग्रुन स्वयंपाकघरात राय धान्याच्या पावावर लोणच्यातले मासे मांडत होती. त्याने टोपी काढली, तिच्याकडे बघितलं आणि जवळ आला.

“चेहऱ्याला काय झालं? उशीवर डोकं ठेवून झोपली होतीस?”

“काम करत होते. का?”

“वळ उठलेत. नाकावर.”

ती बाहेरच्या खोलीतल्या आरशाशी गेली. डोळ्यांभोवतीची कातडी गुलाबी होती आणि तिच्यावर फिकट पट्टे होते, बोट दाबून उचललं की उमटतात तसे. ‘तळव्यांचे,’ ती म्हणणार होती.

तिचे हात डोळ्यांवर असत तेव्हा बोटं वर, कपाळाकडे असत. हे पट्टे आडवे होते. कानशिलांकडून निघून नाकाच्या दांडीवर येऊन भिडणारे. उजवीकडून चार, डावीकडून चार.

आरशासमोर तिने आपले हात तसे लावून पाहिले. कोपर बाजूला काढून, मनगटं वळवून, आडवी बोटं. कसंबसं जमलं, पण अंगठे वर कपाळावर आले. कपाळावर काहीच उमटलेलं नव्हतं. अंगठ्यांचे ठसे कुठे असतील, हे तिला समजलं. मागून कोणी डोळे झाकले, तर त्याचे अंगठे कानांच्या मागे जातात.

कानांच्या मागे तिला स्वतःला बघता येत नव्हतं. एस्किलला बघायला सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही.

‘डुलकी लागली असेल,’ तिने ठरवलं. ‘टेबलावर हात आडवे ठेवून त्यांवर डोकं टेकलं असेल. दमलेलं माणूस काय काय करतं, त्याला आठवतं थोडंच.’ मासे तिने नीट मांडले. जेवताना एस्किलला दोनदा विचारावं लागलं की मीठ कुठे आहे.

४

शनिवारी ती सहसा काम करत नसे. पण मुलांच्या तापाच्या एका औषधाचं पान सोमवारी पहिल्या प्रहरी हवं होतं. सकाळचे अकरा. खिडकी बंद होती, कारण बागेत गवत कापायचं यंत्र घरघरत होतं. ती पान वाचत होती. तासाचा ठोका पडला, तिने तळवे घासले, डोळ्यांवर ठेवले आणि मोजायला लागली.

साठ झाले. हात काढून तिने ते टेबलावर ठेवले.

लाकडाचा गारवा तळव्यांना लागला. उजव्या हाताखाली पेन होतं, ते गडगडत गेलं आणि खाली पडलं. तिने ते ऐकलं. दिसलं नाही.

समोर काळोख होता. आणि डोळ्यांवर ऊब होती.

हलकी, कोरडी ऊब. दाबत नव्हती, नुसती ठेवलेली. पापणी लवली तेव्हा ती कशालातरी घासली.

“एस्किल,” ती हसून म्हणाली. लग्नाआधी तो असं करायचा. “पुरे आता. काम आहे मला.”

डोळ्यांवरची बोटं किंचित थरथरत होती. खेळताना एखाद्याने हसू दाबून धरावं, तशी.

एस्किलचे तळवे करवतीने आणि कानशीने खरखरीत झालेले, त्यांना कायम डिंकाचा वास. या हातांना कसलाच वास नव्हता. हे तिला जाणवत होतं, जाणवून घ्यायचं नव्हतं, आणि तेवढ्यात बंद खिडकीपलीकडे गवत कापायचं यंत्र खोकून बंद पडलं. एस्किलने त्याला एक शिवी हासडली. तो बागेच्या पार टोकाला, सफरचंदाच्या झाडाशी होता.

सिग्रुन हलली नाही. हलता येत नव्हतं असं नाही. हललं तर डोकं मागे जाईल आणि मागे जे आहे त्याला टेकेल, एवढंच तिच्या मनात होतं. ती मोजू लागली, कारण मोजण्याव्यतिरिक्त त्या क्षणी तिला काही सुचेना. अकरा आकडे मोजून झाले तेव्हा उजेड आला.

खुर्चीच्या मागे खोली होती तशीच होती. पुस्तकांचं कपाट, इस्त्रीची घडवंची, बंद दार.

५

तिने तळवे ठेवणं सोडलं. टेबलही हलवलं, खुर्चीची पाठ भिंतीला लावून बसली. खिडकी आता समोर आली, पडद्यावर चकाकी, दोन दिवसांत डोळे टोमॅटोसारखे लाल. ती मन मारून वाचत राहिली. मागे भिंत आहे याचा दिलासा होता, पण डोळे मिटायची भीती वाटायची, आणि मिटले नाहीत की ते जळायचे.

बुधवारी बेनेडिक्तेचा फोन आला. आज थट्टा नव्हती.

“सिग्रुन, तापाच्या औषधाचं पान तू दोनदा तपासलंस?”

“हो. का?”

“सहा महिन्यांच्या बाळाला पंधरा मिलिलिटर लिहिलंय. दीडच्या जागी पंधरा. एक आणि पाचमधला दशांशाचा स्वल्पविराम गेलाय. छापणाऱ्याकडून तसंच आलं होतं, आणि तू बरोबरची खूण केलीस.”

सिग्रुनने ते पान उघडून पुन्हा पाहिलं. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

“मी पकडलं म्हणून ठीक,” बेनेडिक्ते हळू आवाजात म्हणाली. “मी त्या दिवशी रजेवर असते तर? काय चाललंय तुझं? डोळे दाखव गं कुणाला तरी.”

संध्याकाळी पाच वाजता, ऊन अजून छपरावर असताना, तिने एस्किलला सगळं सांगितलं. रेघ, वळ, शनिवारचे अकरा आकडे. सांगून झाल्यावर त्याने कॉफीचा कप बाजूला सारला.

“शनिवारी मी सफरचंदाखाली होतो.”

“ठाऊक आहे.”

“मग चल. आता बस तिथे. तुझी खुर्ची पहिल्यासारखी ठेवतो. तू कर, मी बघतो.”

“आणि काही दिसलं तर?”

“दिसलं तर दिसेल,” तो म्हणाला. पण उठायला त्याने वेळ लावला.

६

तो तिच्या समोर बसला, टेबलाच्या पलीकडे, लॅपटॉप मिटून. तिथून तिच्या मागची सगळी खोली त्याला दिसत होती. तिने तळवे घासले. तळव्यांचा आवाज त्या शांततेत फार मोठा झाला.

साठ. हात खाली.

काळोख.

“एस्किल.”

“समोर आहे मी.”

“आत्ता आहेत.”

“काय आहेत?”

“हात. डोळ्यांवर. तुला दिसत नाहीत?”

“तुझे डोळे उघडे आहेत, सिग्रुन. माझ्याकडे बघतेयस तू.”

“मला काहीच दिसत नाहीये.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिच्या चेहऱ्यापुढे वारा हलला. तो हात हलवत असावा. तिच्या पापणीवरची ती ऊब जराही ढळली नाही. ती मोजत होती. बावीस, तेवीस. चाळीसच्या पुढे गेल्यावर तिचा श्वास लागायला लागला आणि मग एकदम खोली दिसली. एस्किल तिच्यासमोर वाकून उभा, चेहरा पांढराफटक.

“मागे कोण होतं?”

“कोणी नव्हतं. शपथ.” त्याने तिचे दोन्ही हात धरले. “मी हात नाचवला तुझ्या डोळ्यांसमोर. पापणीसुद्धा लवली नाही. हे डोळ्यांचंच काहीतरी आहे. नस असेल, मेंदूकडे जाणारी. आपण उगाच नको ते बोलत बसलो.”

तिला रडू आलं आणि मोठा आधारही वाटला. आंधळं होणं ही समजण्यासारखी गोष्ट होती. त्याला नाव असतं, त्यावर औषध असतं, त्या औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो.

७

जवळच्या एस्ब्येर्ग शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टर क्विस्ट साठीच्या पुढच्या, ठेंगण्या आणि अखंड बोलणाऱ्या. त्यांनी सिग्रुनला दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाची वेळ दिली. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून तिला अर्धा तास बसवलं आणि मग आतल्या खोलीत घेतलं. एस्किल बाहेर थांबला.

“औषधाचे कागद वाचता? म्हणजे मी तुम्हाला काही सांगायची सोयच नाही, सगळं तुम्हाला आधीच पाठ,” डॉक्टर खिडकीचा गुंडाळता पडदा खाली ओढत म्हणाल्या. “हनुवटी इथे. कपाळ पट्ट्याला टेकवा. हातांनी या दोन दांड्या धरा, घट्ट. माझा नातू म्हणतो, आजी, हे रणगाडा चालवण्याचं यंत्र आहे.”

यंत्रातून उजेडाची एक उभी, पांढरी फट सिग्रुनच्या उजव्या डोळ्यावर आली. पलीकडून डॉक्टर दुर्बिणीला डोळे लावून बघत होत्या.

“छान. वर बघा. खाली. अहो, सुरेख डोळा आहे. नस गुलाबी, कडा स्वच्छ. तिशीतल्या बाईचा शोभेल. आता डावा. वर... सरळ... हात काढा जरा.”

सिग्रुनने दांड्या अधिकच घट्ट धरल्या.

“हात काढा. बोटं मध्ये येतायत, मला काही दिसत नाही.”

उजेडाची फट सिग्रुनलाही दिसत नव्हती.

“तुम्ही दिवा बंद केलात का?” तिने विचारलं.

“नाही, दिवा तर...”

डॉक्टरांचं बोलणं तिथेच थांबलं. त्यांनी दुर्बिणीवरून मान उचलली असावी, कारण त्यांच्या श्वासाचा आवाज जरा वरून यायला लागला. त्या काय बघत असतील ते सिग्रुनला कळत होतं. दोन दांड्या आणि दोन्हींवर तिचे हात, बोटांची पेरं पांढरी पडलेली.

मग तो श्वास पुन्हा खाली आला. डॉक्टर परत दुर्बिणीतून बघत होत्या. त्यांनी फार वेळ बघितलं. काही विचारलं नाही, वर-खाली बघायला सांगितलं नाही. सिग्रुनच्या डोळ्यांवरची बोटं मध्येच थरथरली, हसू दाबल्यासारखी, आणि त्याच क्षणी यंत्राच्या पलीकडे डॉक्टरांची खुर्ची करकरत मागे गेली.

फट पुन्हा दिसू लागली. तिच्यामागे डॉक्टर क्विस्ट भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या.

“झालं,” त्या म्हणाल्या. त्यांनी खिडकीचा पडदा झटक्यात वर सोडला, खोलीतले सगळे दिवे लावले, दार उघडं टाकलं. पाठमोऱ्या बसून तपासणीचा कागद छापून काढला, त्याखाली हाताने काही लिहिलं, लिफाफ्यात घातलं. “तुमच्याबरोबर कोणी आहे ना? एकट्या नाही ना आलात?”

“नवरा आहे. डॉक्टर, तुम्ही काय पाहिलंत?”

“डोळे चांगले आहेत तुमचे,” डॉक्टर म्हणाल्या. सिग्रुनच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत त्यांनी लिफाफा तिच्या हातात दिला. दारापर्यंत पोचवायला त्या आल्या नाहीत.

८

थेंबांमुळे बाहुल्या ताणलेल्या होत्या. रस्त्यावर आल्याबरोबर जूनचं ऊन सुयांसारखं आत घुसलं. मोटारी, भिंती, समुद्राकडचं आभाळ, सगळं पांढरं. गाडीत बसल्यावर सिग्रुनने लिफाफा फोडला, पण अक्षरं म्हणजे नुसता धूर. तिने तो एस्किलला दिला.

“वाच.”

“दोन्ही डोळे निरोगी,” एस्किल वाचू लागला. “पडदा, नस, दाब, सगळं ठीक. चष्म्याचा नंबर तोच.” त्याचा आवाज हलका झाला. “बघ, मी म्हटलं नव्हतं? इथे छापलेलं संपलं. खाली त्यांनी हाताने लिहिलंय.”

“काय?”

त्याने कागद जवळ धरून ती ओळ पुन्हा वाचली.

“एस्किल, काय लिहिलंय?”

“‘डोळ्यांना विश्रांती देऊ नये.’”

“किती दिवस?”

“तेवढंच आहे. पुढे काही नाही.”

मागच्या गाडीने भोंगा वाजवला, त्यांची जागा हवी होती. एस्किलने गाडी काढली. गाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना सपाट, ओली कुरणं लागली, त्यांवर तापलेलं आभाळ. सिग्रुनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सवयीने तिचा हात वर गेला, डोळ्यांवर आडोसा धरायला. एस्किलने तो अर्ध्यातच पकडला, इतका जोरात की तिला दुखलं.

“मांडीवर ठेव,” तो म्हणाला. “दोन्ही. आणि तिथून हलवू नकोस.”

तिने ठेवले. एकमेकांत गुंतवून, नखं रुतेपर्यंत. रस्ता सरळ होता. पाच-सात मिनिटं गेली.

“फार त्रास होतोय का डोळ्यांना?” शेवटी त्याने विचारलं.

“आता नाही,” सिग्रुन म्हणाली. तिचा आवाज शांत होता, झोपेला आलेल्या माणसासारखा. “आता बरं वाटतंय. ऊन लागत नाहीये.”

गाडीच्या काचेवर ऊन थेट पडलेलं होतं.

“सिग्रुन, तुझे हात कुठे आहेत?”

“मांडीवर.”

एस्किलने मान वळवून तिच्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हातांनी चाक धरून, समोरच्या पांढऱ्या रस्त्यावर नजर खिळवून, तो गाडी चालवत राहिला.